रहीमसाहेबांची खुर्ची

भारताच्या फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक हवा आहे अशी बातमी आली, की आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, परदेशातून साहेब आणा. दुसरा म्हणतो, आपलाच माणूस हवा. चहा निवून जातो, तासाची घंटा होते आणि वाद तसाच राहतो. 2025 च्या जुलैत तर या वादाला विशेषच रंग चढला. महासंघाकडे 170 अर्ज आले, आणि त्यांत म्हणे स्पेनच्या झावीचा आणि ग्वार्दिओलाचाही अर्ज होता! वर्गातल्या पोरांचे पाय जमिनीला लागेनात. मग महासंघानेच खुलासा केला की ते अर्ज खरे नव्हते. गावात राजपुत्राचे स्थळ आल्याची आवई उठावी आणि पत्र लिहिणारा शेजारचाच कोणी टवाळ निघावा, तशातली गत!

मी या वादात एकच नाव घेतो, आणि ते 1963 साली वारलेल्या माणसाचे आहे: हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यात थोडा स्वजातीचा अभिमानही आहे, हे नाकारत नाही. रहीमसाहेब शाळामास्तर होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. काचीगुड्याच्या आणि चादरघाटच्या शाळांतून त्यांनी मुलांना शिकवले. 2024 साली त्यांच्यावर ‘मैदान’ हा चित्रपट निघाला, तेव्हा कुठे आमच्या मुलांना त्यांचे नाव कळले. मुंबईकरांनी मात्र त्यांची करामत फार आधी पाहिली होती. कूपरेजच्या मैदानावर त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला.

हा माणूस शिकवी कसा, ते ऐकण्यासारखे आहे. हैदराबादेत त्यांनी पोरांच्या अशा स्पर्धा भरवल्या, की ज्यांत चेंडू फक्त दुबळ्या पायानेच मारायचा. उजव्या पायाच्या मुलाने उजवा पाय लावला की झालीच चूक! आणखी एका प्रकारात चेंडू घोळवत बसायला बंदी; आला की लगेच पुढे द्यायचा. मी वीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे, पण मुलाचा दुबळा भाग इतक्या गमतीने घोटून घेण्याची युक्ती मला आजवर सुचलेली नाही. तुलसीदास बलरामची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. सिकंदराबादेजवळच्या वस्तीतला हा गरीब पोरगा. सरावाला रोज हैदराबादपर्यंत यायला पैसे नव्हते, तेव्हा सायकलच्या भाड्याचे पैसे रहीमसाहेबांनी दिले. तोच बलराम पुढे 1956 आणि 1960 च्या ऑलिंपिकांत खेळला.

आता निवडीचा मुद्दा. 1951 साली दिल्लीच्या एशियाई खेळांत रहीमसाहेबांच्या संघाने इराणला 1-0 असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले, आपला एक. आपले कितीतरी खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. दहा गोल! आजचा प्रशिक्षक असता तर विमानतळावरच त्याच्या हाती नारळ पडला असता. रहीमसाहेबांच्या हाती मात्र संघ पुन्हा दिला गेला. 1956 साली मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, आपण 4-2 असे जिंकलो आणि उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. या वेळी पहिला गोल आपण केला. पुढे 4-1 असे हरलो, ते खरे; पण दहा गोलांपासून इथवरचे अंतर चार वर्षांत कापले होते. त्या स्पर्धेत आपण चौथे आलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत त्याच्या वर कधी गेलेला नाही.

या माणसाची निःस्पृहताही अशी, की 1960 च्या रोमच्या संघात त्यांचा स्वतःचा मुलगा हकीम होता, आणि त्याला एकाही सामन्यात मैदानावर उतरायला मिळाले नाही. घरी आईने काय म्हटले असेल, ते वाचकांनी आपल्या घरावरून ताडावे!

1962 साली जकार्ताला रहीमसाहेब गेले, तेव्हा कर्करोग त्यांना पोखरत होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने 2-0 असे हरवले. बचावातला जर्नेलसिंग डोक्याला टाके पडून बसला. रहीमसाहेबांनी काय करावे? त्याच जर्नेलला आघाडीवर खेळवले! अंतिम सामन्यात पुन्हा कोरिया, आणि लाखभर प्रेक्षक आपल्यावर रुष्ट. पी. के. बॅनर्जीने एक गोल केला, दुसरा जर्नेलने. 2-1. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले.

त्यानंतर आलेले सगळेच कुचकामी होते असे नाही. इंग्लंडच्या हॅरी राइटच्या हाताखाली 1964 च्या आशिया चषकात आपण दुसरे आलो. बॉब हॉटनने 27 वर्षांनी, 2011 साली, आपल्याला पुन्हा त्या चषकाच्या पंगतीला नेऊन बसवले. तिन्ही सामने हरलो, तरी बसलो तर खरे! क्रोएशियाचा स्टिमॅच पाच वर्षे राहिला. मग आला मानोलो मार्केझ, आणि त्याला नेमले ते एफ. सी. गोवा संघाची नोकरी चालू असतानाच. एका मास्तराला दोन शाळा! आमच्याकडे असे झाले तर तपासनीस काय शेरा मारील, ते मला ठाऊक आहे. वर्षभरात मालदीवविरुद्धचा एकच विजय पदरी पडला.

म्हणून देशी की परदेशी, या प्रश्नात मला रस नाही. अर्जदाराला मी विचारले असते, की बाबा, सायकलचे भाडे परवडत नाही म्हणून सरावाला न येणारी पोरे तू शोधणार आहेस की क्लबांनी तयार केलेली पाठवतील तीच घेणार आहेस? आणि महासंघाला विचारले असते, की दहा गोल झाले तर याला ठेवाल का?

1 ऑगस्ट 2025 रोजी खालिद जमील यांची निवड झाली. तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीवर बसला, आणि तोही मुंबईच्या मैदानांवर खेळलेला, ऐजॉलसारख्या लहान संघाला 2017 साली आय-लीग जिंकून देणारा. मला मनापासून आनंद झाला. महिन्याभरात ताजिकिस्तानात संघाने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा तो दुणावला. मग 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरशी गाठ पडली. छांगटेने सुरेख गोल केला, आणि पुढे आपण 2-1 असे हरलो. 2027 च्या आशिया चषकाचे दार बंद झाले.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पुन्हा दोन तट. गणिताच्या सरांनी विचारले, “काय, आता पुन्हा परदेशी साहेब ना?” मी म्हटले, “सर, अजून हेलसिंकीसुद्धा झालेले नाही.”