‘अस्त’ की ‘पाडाव’? : आंगऱ्यांच्या इतिहासातील एक क्रियापद

इंग्रजीतील ‘प्लमेट’ हे क्रियापद आज बाजारभावांच्या वा लोकप्रियतेच्या वेगवान घसरणीसाठी सर्रास योजले जाते. मुळात ते नाम. लॅटिनमधील शिसेवाचक शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेल्या या नामाचा अर्थ दोरीच्या टोकाचा शिशाचा गोळा. खलाशी त्याने पाण्याची खोली पाहत, गवंडी भिंतीची सरळ रेषा तपासत. म्हणजे आपला ओळंबाच. घसरणीचा अर्थ रूढ झाला तो विसाव्या शतकात. या अर्थांतरात दोर गळाला आणि दोर सोडणारा हातही. उरले ते केवळ पडणे.

हा हात हरवणे इतिहासलेखनात महागात पडते. कुलाब्याच्या आंगऱ्यांचे उदाहरण घ्यावे. कान्होजींचा मृत्यू 1729 चा. सेखोजी 1733 मध्ये वारले, आणि मानाजी व संभाजी यांच्या कलहात बाजीरावाने 1735 मध्ये घराण्याची वाटणी करून दिली. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी समुद्रातून, तर पेशव्यांच्या फौजेने जमिनीवरून विजयदुर्गास वेढले. तुळाजीचे आरमार बंदरातच जळाले.

याला ‘आंगरे आरमाराचा अस्त’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. ‘अस्त’ सूर्याचा, ‘उतरती कळा’ चंद्राची, ‘ओहोटी’ समुद्राची. तिन्ही शब्द ऱ्हासाला निसर्गक्रम ठरवतात, आणि निसर्गाला जाब विचारता येत नाही. शिवाय ओहोटीनंतर भरती येते. अलिबागेहून ओहोटीत कुलाबा किल्ल्यात पायी जाणाऱ्यास ते निराळे सांगावे लागत नाही. जळालेल्या आरमाराला मात्र भरती आली नाही.

वास्तविक मराठीपाशी ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ अशी जोडी आहे. ‘पाडाव’ म्हटले की कोणी केला, हा प्रश्न व्याकरणच उभा करते. 1756 पुरते त्याचे उत्तर मराठी अभिमानाला अडचणीचे आहे. कारण त्यात इंग्रजांच्या जोडीला नानासाहेब पेशव्यांचे नाव येते. तुळाजीची बेमुर्वतखोरी हे कारण असू शकेल. कर्ता लपवण्यास ते पुरेसे नाही.

कुलाबा शाखा याहून पुष्कळ टिकली. दुसऱ्या राघोजींच्या मृत्यूनंतर त्यांचा तान्हा वारसही 1839 मध्ये गेला, दत्तकाची मागणी नाकारली गेली आणि 1840 मध्ये कंपनीने संस्थान घेतले. तेथे ना लढाई, ना आग. त्यासाठी रूढ असलेला शब्द दफ्तरी आहे : ‘खालसा’. आणि तो ‘करावा’ लागतो.