कुत्र्याच्या घासाचा इतिहास

राजवाड्यांच्या मुदपाकखान्यात रोज किती तूप खर्ची पडले याच्या नोंदी जुन्या दफ्तरांत सापडतात, घोड्यांच्या चंदीचा आणि हत्तींच्या रतिबाचा हिशेबही कारकुनांनी काटेकोरपणे मांडलेला असतो. परंतु ज्या प्राण्याने गाय, बैल आणि घोडा या सर्वांच्या आधी मनुष्याची सोबत पत्करली, त्या कुत्र्याने काय खाल्ले हे लिहून ठेवण्याची आवश्यकता क्वचितच कोणास वाटली. कारण उघड आहे. घोड्यासाठी हरभरा निराळा काढावा लागे. कुत्र्यासाठी निराळे काही काढावे लागत नसे, जे उरेल ते त्याचे. म्हणून कुत्र्याच्या आहाराचा इतिहास हा बव्हंशी माणसाच्या शिळ्यापाक्या अन्नाचाच इतिहास आहे. तथापि या दीर्घ उदासीनतेच्या काळातही काही ठिकाणी काही माणसांनी थांबून त्या प्राण्याकडे नीट पाहिले आणि याला काय मानवते याचा विचार केला. आणि आपल्या पाळीव कुत्र्याला काय घालावे या चिंतेत आज जे अनेक गृहस्थ असतात, त्यांना या माणसांची ओळख असावी असे मला मनापासून वाटते. ज्यांनी कुत्र्याकडे पाहून त्याचा आहार ठरविला ते पुष्कळदा बरोबर निघाले, आणि ज्यांनी केवळ स्वतःच्या सोयीकडे पाहून ठरविला त्यांचे प्रमाद कुत्र्यांना भोगावे लागले.

आपल्या धर्मशास्त्रात गृहस्थाच्या वैश्वदेवात कुत्र्याचा वाटा सांगितला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुत्रे, कावळे आणि कृमी यांच्यासाठी अन्न हलकेच भूमीवर ठेवावे अशी आज्ञा आहे. त्या 'हलकेच' शब्दात एक कोवळीक आहे हे खरे. पण त्याच श्लोकात पतित, श्वपच आणि रोगग्रस्त माणसांचीही गणना कुत्र्यांच्या पंक्तीत केलेली आहे, आणि ती वाचताना मन खिन्न झाल्यावाचून राहत नाही. शिवाय हा घास म्हणजे दान होते, आहार नव्हे. देणाऱ्याचे कर्तव्य तो ठेवताक्षणी संपत असे. घेणाऱ्याच्या पोटाचा विचार त्यात नव्हता.

तो विचार स्पष्टपणे सापडतो तो इराणी परंपरेच्या वेंदिदाद या ग्रंथात, आणि त्या परंपरेचे अनुयायी पारशी लोक मुंबईच्या इतिहासाशी इतके एकजीव झालेले आहेत की हा ग्रंथ आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. वेंदिदादच्या तेराव्या फर्गर्दात, म्हणजे अध्यायात, कुत्र्यांचे वर्ग पाडले आहेत: कळप राखणारा, घर राखणारा, भटका आणि पिल्लू, आणि यांपैकी कोणाला निकृष्ट अन्न घालणे हा केवढा अपराध आहे हे माणसांच्या उपमानाने सांगितले आहे. कळपाच्या कुत्र्याला वाईट अन्न घालणे म्हणजे प्रथम प्रतीच्या गृहपतीला ते वाढण्यासारखे, घराच्या कुत्र्याला घालणे म्हणजे मध्यम प्रतीच्या गृहपतीला वाढण्यासारखे, भटक्याला घालणे म्हणजे दारी आलेल्या धर्मनिष्ठ पुरुषाला वाढण्यासारखे, आणि पिल्लाला घालणे म्हणजे सत्कुलीन मुलाला वाढण्यासारखे. आणि या अपराधांना फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. कुत्रा लवकर म्हातारा होतो, खाणाऱ्यांच्या जवळ बसून त्याला खायला मिळत नाही, म्हणून त्याला दूध, चरबी आणि मांस द्यावे, तेच त्याचे योग्य अन्न होय, असेही तेथे सांगितले आहे. पुढे पंधराव्या फर्गर्दात तर फुटणार नाहीत अशी टणक हाडे किंवा तोंड भाजेल असे ऊन अन्न कुत्र्याला देणे हे पातक गणले आहे, कारण हाड दातांत किंवा घशात अडकते आणि ऊन अन्नाने जीभ पोळते. ज्याने हा विधी प्रथम सांगितला, त्याने कुत्र्याला खाताना जवळून पाहिले असले पाहिजे. अडकलेल्या हाडासाठी कुत्रा पशुवैद्याच्या टेबलावर आजही येतो.

या परंपरेमुळेच पारशी घरांत जेवणाच्या वेळी कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याचा शिरस्ता होता, आणि अंत्यसंस्कारात 'सगदीद' म्हणून मृताला कुत्र्याकडून पाहवून घेण्याचा विधी होता. १८३२ च्या जून महिन्यात या श्रद्धेचा कंपनी सरकारच्या हुकुमाशी मुंबईत प्रत्यक्ष संघर्ष झाला. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम सरकारने सोडला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. मग बक्षिसाच्या लोभाने शिपाई दारातल्या, कोणी तरी पोसलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले अशी तक्रार होती. ६ जूनला कोटातल्या पारशी समाजाने त्यांना अडविले, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही त्यांत सामील झाले, आणि कुलाब्याच्या फौजेकडे जाणारी रसद रोखली गेली. लष्कर आणून बंदोबस्त करावा लागला, पुढाऱ्यांवर खटले चालले. शहराच्या इतिहासात या प्रकरणाचा उल्लेख दंगा म्हणून येतो. मला त्याचा दुसरा अर्थ महत्त्वाचा वाटतो: ज्या कुत्र्याला सरकार बेवारशी म्हणत होते, त्याला रोज घास घालणारे हात या शहरात होते, आणि घास घालणाऱ्याचा त्या प्राण्यावर हक्क व त्याच्याविषयी दायित्व असते असे ते लोक मानीत होते. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाली, आणि निराधार जनावरांच्या पोषणाचा भार उदार सावकारांच्या देणग्यांवर कायमचा उभा राहिला.

घाटावर मात्र कुत्र्याच्या आहाराचे शास्त्र कोणी लिहिले नाही. ते धनगरांच्या मेंढवाड्यावर रोजच्या व्यवहारात होते. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या कुत्र्याला ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी ताकात अथवा दुधात कुस्करून घालायची, क्वचित हाडके मिळतील ती चघळू द्यायची, हा दख्खनच्या पठारावरील सर्वसाधारण प्रघात. मेंढपाळाचे हे शहाणपण एकट्या दख्खनचे नव्हे. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास वॅरो या रोमन पंडिताने शेतीवरील आपल्या ग्रंथात मेंढ्यांच्या कुत्र्याला दुधात भिजविलेली जवाची भाकरी द्यावी, हाडे व हाडांचा रस्सा द्यावा, परंतु मेलेल्या मेंढीचे मांस मात्र देऊ नये, कारण ती चव लागली तर जिवंत मेंढीपासून तो दूर राहणार नाही, असे सांगितले. नंतर कोलुमेला याने जवाचे पीठ ताकाच्या निवळीत कालवून द्यावे, आणि जेथे चराई नसून दूध मिळत नाही तेथे गव्हाची भाकरी शिजविलेल्या शेंगांच्या कोमट पाण्यात भिजवून द्यावी, असे लिहिले. दोन सहस्र वर्षे आणि समुद्र यांचे अंतर ओलांडून धान्य आणि दूध यांची जोडी तीच राहिली, याचे कारण जेथे मेंढी असते तेथे दूध असते, आणि जेथे माणूस वस्ती करतो तेथे भाकरी असते.

दरबारी कुत्र्यांची गोष्ट निराळी. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये सारमेय-विनोदाला स्वतंत्र स्थान दिले आहे. आणि सातारकर शाहू छत्रपतींचे श्वानप्रेम तर इतके प्रसिद्ध की त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीस आजही दाखविली जाते. पण शिकारखान्यातील कुत्र्यांना मांस मिळे ते त्यांच्या शरीरास मानवते म्हणून, की ते धन्याच्या वैभवाचे चिन्ह म्हणून, हे सांगणे कठीण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कुत्र्याचा आहार दुकानात गेला. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन गृहस्थ विजेपासून इमारती वाचविणाऱ्या सळ्या विकण्यासाठी लंडनला आला होता. गोदीवरची कुत्री जहाजांवरून टाकून दिलेली टणक बिस्किटे खात आहेत हे त्याने पाहिले आणि त्यातून गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि वाळविलेले मांस यांचे बिस्किट करण्याची कल्पना त्याला सुचली, असे सांगतात. १८६० च्या सुमारास सुरू झालेला हा धंदा झपाट्याने वाढला. त्याच्या कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा तरुण नोकरीस होता, आणि १८९१ मध्ये त्याने आपल्या नावाने भरविलेले श्वानप्रदर्शन पुढे जगप्रसिद्ध झाले. अमेरिकेत १९२२ मध्ये घोड्याच्या मांसाचे डबाबंद श्वानान्न बाजारात आले, दुसऱ्या महायुद्धात पत्र्याचा तुटवडा होताच कोरडे अन्न पुढे सरसावले, आणि १९५७ मध्ये यंत्रातून दाबून फुलविलेले दाणेदार अन्न निघाले, ज्याची वंशावळ आज आपल्या शहरांतील दुकानांतही पिशव्यांच्या रूपाने पसरली आहे.

येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण याच काळात कुत्र्याच्या अन्नाविषयीचे खरे ज्ञान निर्माण झाले, आणि ते माणसाच्या आजारांच्या शोधातून निघाले हे विशेष होय. एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१८-१९ मध्ये पिल्लांना घरात कोंडून ओटच्या लापशीसारख्या धान्यावर वाढविले तेव्हा त्यांची हाडे वाकली, मुडदूस झाला. कॉडमाशाचे तेल देताच ती सावरली. अमेरिकेच्या दक्षिण भागांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग होई, आणि त्यांच्याच घरचे मक्याचे उष्टे खाणाऱ्या कुत्र्यांची जीभ काळी पडून ती मरत. जोसेफ गोल्डबर्गर याने हे दोन रोग मुळात एकच असावेत हे ओळखले, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्वेहजेम याने निकोटिनिक आम्लाने काळी जीभ बरी करून दाखविली. या कथेचा एक धागा आपल्या पठारापर्यंत येतो. दख्खनमध्ये ज्वारी हेच मुख्य अन्न असणाऱ्या मजुरांमध्ये पेलाग्रा आढळे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्यूसीन या घटकाचे प्राबल्य हे कारण असावे असे मांडले, आणि ज्वारीवर ठेवलेल्या कुत्र्यांतही तीच काळ्या जिभेची लक्षणे दिसली. ताकाची जोड नसलेली नुसती भाकरी कुत्र्याला का पुरत नाही, याचा उलगडा धनगराच्या नातवाला असा प्रयोगशाळेतून मिळाला.

तयार अन्नानेही एकदा दगा दिला आहे, आणि तो प्रसंग विसरणे योग्य नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंड-अमेरिकेतील कुत्र्यांना अकस्मात पिसाळल्यासारखे धावण्याचे झटके येऊ लागले. १९४६ मध्ये मेलनबीनेच दाखविले की पीठ पांढरे करण्यासाठी वापरला जाणारा नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा वायू त्याच्या मुळाशी आहे. माणसांसाठी पाव अधिक शुभ्र व्हावा म्हणून केलेल्या खटाटोपाची किंमत त्यांच्या कुत्र्यांनी मोजली. ब्रिटनमध्ये ती पद्धत १९५५ च्या अखेरीस बंद झाली. घरच्या अन्नातही धोका असतो. कांद्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी फुटून पांडुरोग होतो हे सेब्रेल याने १९३० मध्येच सिद्ध केले होते. तरीही कांदा-लसणाची फोडणी असलेले कालवण भातावर ओतून कुत्र्यापुढे ठेवणारी प्रेमळ घरे महाराष्ट्रात अजून पुष्कळ आहेत, आणि हे त्यांना सांगायला हवे.

अलीकडचा एक शोध या सर्व इतिहासाला नवे परिमाण देतो. २०१३ मध्ये स्वीडनमधील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या एका पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात सामान्यतः दोन, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळल्या. म्हणजे शिळ्या भाकरीने कुत्र्याला केवळ जगविले नाही, तर हजारो वर्षांत त्याचे शरीर बदलून टाकले. पुढील संशोधनातून असेही दिसले की जेथे शेती प्राचीन आहे तेथील कुत्र्यांत या प्रती अधिक, आणि सायबेरियातील हस्की किंवा ऑस्ट्रेलियातील डिंगो यांच्यात थोड्या आहेत. पुण्याच्या एखाद्या गृहसंस्थेत आज दुसऱ्या मजल्यावर हस्की आणि जिन्याखाली गावठी कुत्रा असे दोघे नांदतात. दोघांनाही मांस, अंडे किंवा दह्यातून प्रथिन हवेच. परंतु गावठ्याच्या थाळीतील भाकरीचा वाटा हस्कीच्या थाळीत तसाच उचलून ठेवण्यापूर्वी प्रत्येकाचे वय, त्याची धावपळ, अंगावरची चरबी आणि विष्ठा हे पाहावे, महिन्याकाठी वजन करावे, आणि शंका असेल तेथे पशुवैद्याला विचारावे.