साटा एक, गाड्या अनेक

मंडळी, सोनईच्या साखर कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी तुम्ही पाहिली आहे. हलका छकडाही तुमच्या ओळखीचा. चाके, आस आणि साटा दोन्हींना असतात. वर काय चढवले, त्यावरून गाडीचे काम नि रूप ठरते. गावच्या सुताराला हे सांगावे लागत नाही. मोटारीच्या इतिहासातले एक प्रकरण याच गोष्टीवर उभे आहे.

पूर्वी बहुतेक मोटारींचा खालचा सांगाडा, म्हणजे चासी, वेगळा असे. हौशी गिऱ्हाईक कारखान्यातून चासी, इंजिन नि चाके घेई आणि कारागिराकडे नेई. घोडागाड्या बांधणाऱ्यांच्या परंपरेतला हा कारागीर हाताने पत्रा ठोकून गाडीला अंग घडवी. अशा कित्येक गाड्यांना दुसरी जोडच नसे.

हा थाट केवळ श्रीमंतांच्या भारी गाड्यांचा होता काय? नाही. इटलीत तुरीन शहरी स्वस्त फियाट गाड्यांवरही अशी कारागिरी चाले. १९४७ साली सिसितालिया नावाच्या लहानशा कंपनीने फियाट ११०० या साध्या गाडीचे इंजिन व इतर भाग घेऊन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवले. वरचे अंग पिनिन फारिना यांनी घडवले. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने निवडक आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात ही गाडी होती. आणि याच फियाट ११०० च्या कुळातली गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत धावली!

मग ही कला मागे का पडली? १९५३ च्या नव्या फियाट ११०० मध्ये वेगळी चासी उरलीच नाही. तळ, खांब नि छप्पर सांधून एकच पेटी झाली आणि भार तीच पेलू लागली. घराची आढी काढून घर उभे राहील काय? तसेच इथे झाले. खांब कापला, की गाडी लेची पडते.

तरी हौस मरत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने जुन्या गाड्यांचे भाग जमवून, पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ साली तिचे नाव देशभर झाले. पण ती रस्त्यावरच्या नियमांत बसणारी नव्हती. महिंद्र कंपनीने १९२२ नव्हे, अगदी अलीकडे २०२२ साली तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली.

नियम खोटा नाही. ब्रेक दगा देतील तर जीव जातो. पण परीक्षा घेणाऱ्याचे दार खेड्यातल्या कारागिरालाही उघडे असावे, नाहीतर त्याचे कसब अंगणातच गंजेल. गुरुजनहो, एकदा मुलांना सुताराच्या नि वेल्डिंगवाल्याच्या कामावर न्या. भार कोणता भाग पेलतो, हे त्यांना स्वतःच शोधू द्या.