कोल्हापूरच्या महाराजांचें वेड

टिळक व आगरकर यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढलेले १०१ दिवस सुशिक्षित मराठी घरांत कोणास ठाऊक नाहींत? पण ज्या तरुणाकरितां ते तुरुंगांत गेले, त्याजविषयींचा मूळ प्रश्न त्या खटल्याच्या गाजावाज्यांत मागें पडला. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज खरोखरच वेडे होते काय, हा तो प्रश्न होय.

राजाराम महाराज १८७० सालीं फ्लॉरेन्स येथें वारल्यावर १८७१ मध्यें नारायणराव नांवाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यांत आला. हाच चौथा शिवाजी. तो वयांत येतो न येतो तोंच त्याच्या बुद्धीस भ्रंश झाल्याची वार्ता पसरली. सरकारपक्ष म्हणे, हा रोगच आहे. लोक म्हणत, रोग कसला? पहारेकऱ्यांच्या जाचानें मुलाचें डोकें फिरविलें जात आहे, आणि दिवाण माधवराव बर्वे यांचें त्यास अंग आहे.

येथें दोन प्रश्नांची गुंतागुंत झाली. महाराज आजारी आहेत काय, हा एक. आणि चाललेल्या बंदोबस्तानें आजार वाढत आहे काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर होकारार्थी आलें तरी दुसरा शिल्लक राहतोच. शिवाय राजा वेडा ठरला म्हणजे सत्ता ज्यांच्या हातीं राहावयाची, त्यांच्याच शब्दावर प्रजेनें विश्वास कां ठेवावा? अशा वेळीं कारभाराशीं कसलाही संबंध नसलेल्या वैद्यांचें मत घेणें, हाच सरळ मार्ग. आज भारतांत २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें साध्या रुग्णासही स्वतंत्र मंडळापुढें दाद मागतां येते.

‘केसरी’ व ‘मराठा’ यांनीं संशय बोलून दाखविला, हें योग्यच झालें. पण त्यांनीं बर्व्यांच्या नांवावरील ज्या पत्रांचा आधार घेतला, तीं बनावट निघालीं. संपादकांनीं माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्यें चार महिन्यांची शिक्षा झालीच. वास्तविक न्यायालयापुढें प्रश्न होता तो बर्व्यांच्या अब्रूचा, महाराजांच्या प्रकृतीचा नव्हे. पत्रें खोटीं ठरलीं म्हणून महाराजांचे हाल खोटे ठरत नव्हते. तसेंच महाराज शहाणे होते, असेंही त्यावरून सिद्ध होत नव्हतें. तथापि एका खोट्या कागदानें खऱ्या शंकेचेंही तोंड बंद केलें. आगरकरांनीं याच बंदिवासांत ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचें काम केलें, हा योगायोग विलक्षण खरा, तें नाटकही एका राजपुत्राचें वेड खरें कीं सोंग, याच प्रश्नाभोंवतीं फिरतें.

त्याच सालीं महाराज वेडे ठरून कागलचे आबासाहेब घाटगे राजप्रतिनिधी झाले. पुढें महाराजांस अहमदनगरास नेऊन ठेवण्यांत आलें. तेथें ग्रीन नांवाचा गोरा शिपाई त्यांच्या देखरेखीस होता. २५ डिसेंबर १८८३ रोजीं त्याच्याशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. वय अवघें वीस वर्षांचें. मार्च १८८४ मध्यें आबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव दत्तक गेले व शाहू महाराज झाले. कोल्हापूरच्या गादीस धनी मिळाला. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मात्र अहमदनगरच्या किल्ल्यांतच राहिलें.