हेस्टिंग्जचा खटला आणि अमेरिकेतला महाभियोग

वॉरन हेस्टिंग्ज म्हटलं की आपल्याला साळबाईचा तह आठवतो, बनारसचा चेतसिंग आठवतो, अवधच्या बेगमा आठवतात. अमेरिकेची राज्यघटना काही आठवत नाही. पण 1787 च्या मे महिन्यात लंडनच्या कॉमन्स सभागृहाने हेस्टिंग्जवर महाभियोग आणला आणि त्याच महिन्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला मंडळी जमली. या दोन गोष्टींची गाठ कुठे पडली, ते आज आपण पाहू.

तारीख 8 सप्टेंबर. राष्ट्राध्यक्षाला काढायचं ते कशासाठी? मसुद्यात दोनच कारणं उरली होती : देशद्रोह आणि लाचखोरी. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन म्हणाले, एवढ्यावर भागणार नाही. हेस्टिंग्जचा अपराध देशद्रोहात कुठे बसतो? म्हणून 'गैरकारभार' हा शब्द घाला. मॅडिसन यांनी हरकत घेतली. इतका सैल शब्द घातला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवरच राहील की! हरकत बिनतोड होती. मेसन यांनी तो शब्द सोडला आणि इंग्लंडच्या संसदेत पूर्वापार चालत आलेला शब्दप्रयोग सुचवला. मराठीत त्याला आपण 'गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन' म्हणू. तो मंजूर झाला. त्याची व्याख्या मात्र घटनेत कुठेच नाही, आणि सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

आता पद्धत बघा. प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं. 'महाभियोग झाला' अशी बातमी इथेच येते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, गेली खुर्ची! तसं नाही. खटला सिनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. आरोपी राष्ट्राध्यक्ष असेल तर सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी बसतात, कारण एरवी तिथे बसणारा उपराष्ट्राध्यक्ष हाच खुर्चीचा वारस! इंग्लंडमध्ये महाभियोगातून तुरुंगवासही होऊ शकत असे. अमेरिकेत फक्त पद जातं आणि वेगळं मत घेऊन पुढे पद धारण करायला बंदी घालता येते. बाकीची शिक्षा नेहमीच्या न्यायालयांनी द्यायची.

ही दोन तृतीयांशाची अट किती अवघड आहे? 1868 साली अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध 35 मतं पडली, बाजूने 19. हवी होती 36. एका मताने राष्ट्राध्यक्षपद वाचलं. सिनेटने दोषी ठरवून काढलेले आजवर आठ जण आहेत आणि आठही न्यायाधीश. त्यांची नेमणूक तहहयात, त्यामुळे निवडणुकीची वाट बघून उपयोग नसतो.

आणखी एक पेच. 1876 मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात सापडलेले युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅप यांनी प्रतिनिधीगृहाचं मतदान व्हायच्या आधीच घाईघाईने राजीनामा दिला. पद सोडलेल्या माणसावर खटला चालतो का? सिनेटने बहुमताने ठरवलं, चालतो. पण निकालाच्या वेळी दोन तृतीयांश काही जमले नाहीत, कारण अनेकांना तो अधिकारच मान्य नव्हता. 2021 मध्ये ट्रम्प यांच्या दुसऱ्या खटल्यात पुन्हा हाच वाद झाला. 57 विरुद्ध 43, आणि ते सुटले. इंग्लंडात मात्र हा प्रश्न हेस्टिंग्जच्या वाटेत आडवा आला नव्हता. त्याने गव्हर्नर जनरलचं पद 1785 मध्येच सोडलं होतं, तरी खटला 1788 पासून 1795 पर्यंत चालला. शेवटी सुटला तोही.