समुद्रावरील चोरी आणि मुंबईचें न्यायासन

नागपूर समुद्रापासून शेंकडों मैल दूर. तेथें ‘चांचे’ हा शब्द उच्चारतांच बहुतेकांस आंग्र्यांचीं गलबतें आणि टोपीकरांची ओरड आठवते. कान्होजी आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल. दस्तक न घेणारें जहाज ते अडवीत. त्यांस चोरांच्या पंगतीस बसविणें हा इंग्रज बखरकारांचा न्याय झाला. खरा चांचा १६९५ सालीं सुरतेच्या वाटेवर दिसला. हेन्री एव्हरी या इंग्रजानें मक्केहून परतणारें औरंगजेबाचें ‘गंज-इ-सवाई’ लुटलें आणि पुढें बहामा बेटांच्या गव्हर्नरास लांच चारून आश्रय मिळविला. लूट समुद्रावर होते, पण ती पचते बंदरांत.

तीन शतकांनीं तोच प्रकार पुन्हां घडला. २२ ऑक्टोबर १९९९ रोजीं ‘अलाँड्रा रेनबो’ हें जपानी मालकीचें जहाज सुमारे ७,००० टन अॅल्युमिनियम घेऊन सुमात्रा बेटावरून जपानकडे निघालें. त्याच रात्रीं चांच्यांनीं तें बळकावलें. जहाजावरील सतरा माणसांस आधीं दुसऱ्या जहाजांत कोंडलें व मग एका तराफ्यावर भर समुद्रांत सोडून दिलें. सुमारे दहा दिवस तीं माणसें लाटांवर होतीं. अखेर थायलंडच्या कोळ्यांनीं त्यांस वांचविलें. इकडे जहाजास नवा रंग व ‘मेगा रामा’ हें नवें नांव मिळालें, बेलीझ या देशाचें निशाण चढलें आणि निम्म्याच्या आसपास माल परस्पर विकला गेला.

अशीं ‘भुताचीं जहाजें’ त्या दशकांत पूर्वेच्या समुद्रांत अनेक फिरत. खोटे कागद, नोंदणीखात्यांतील बेफिकिरी, कोठें कोठें उघड लांच, यांवांचून एवढा माल कोणत्या धक्क्यावर उतरणार? १९९८ सालीं ‘पेट्रो रेंजर’ हें तेलाचें जहाज चांच्यांनीं चीनच्या हैनान बेटाकडे नेलें. तेथील अधिकाऱ्यांनीं उरलें तेल जप्त केलें. चांचे मात्र खटल्यावांचून स्वदेशीं गेले!

‘अलाँड्रा रेनबो’चें नशीब निराळें. क्वालालंपूर येथील चांचेगिरी-वार्ता केंद्रानें सर्व जहाजांस इशारा दिला, आणि तसल्या आकाराचें जहाज भारताच्या पश्चिम समुद्रांत दिसल्याची खबर आली. तटरक्षक दलाचें ‘ताराबाई’ त्याच्या पाठीस लागलें. ज्या महाराणीच्या अमदानींत कान्होजींनीं आरमार सांभाळलें, तिचेंच तें नांव! १६ नोव्हेंबर रोजीं नौदलाच्या ‘प्रहार’नें गोळीबार करून जहाज थांबविलें. पंधरा इंडोनेशियन चांच्यांनीं तें जाळून बुडविण्याचाहि यत्न केला, तो फसला. कैदी व जहाज मुंबईस आणलें.

पुढें मात्र अडचण उभी राहिली. भारतीय दंडसंहितेंत चांचेगिरी या नांवाचा गुन्हाच नव्हता. इतर कलमें जुळवून खटला चालला. एक कैदी कोठडींतच मेला. उरलेल्यांस २००३ सालीं सत्र न्यायालयानें सात वर्षें सक्तमजुरी दिली. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें. ज्या गुन्ह्यासाठीं भर समुद्रांत तोफा डागल्या, त्याचें नांव कायद्यांत नसावें, हें आरमारी परंपरा सांगणाऱ्या देशास शोभणारें नव्हतें.

समुद्री चांचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा संसदेनें २०२२ च्या डिसेंबरांत संमत केला. मुंबईच्या निकालास तेव्हां सतरा वर्षें लोटलीं होतीं.