कादंबरीशेजारी इतिहास



शाळा सोडून गेलेले विद्यार्थी भेटले की पुष्कळदा विचारतात, "सर, इतिहास वाचायचा तर आरंभ कोठून करावा?" माझे उत्तर असे की, आरंभ खुशाल कादंबरीपासून करावा, मात्र तिच्यापाशी थांबू नये. प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीशेजारी एक इतिहासग्रंथ असावा.

उदाहरण जवळचेच घेऊ. ताम्रपर्णीकाठच्या कोवाडचे रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली प्रसिद्ध झाली. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पानिपतानंतर १७६१ मध्ये पेशवेपदी आलेले आणि १७७२ मध्ये थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी निवर्तलेले माधवराव या कादंबरीने घरोघरी पोचविले. ती जरूर वाचावी. पण माधवराव-रमाबाईंचे एकांतातील संवाद ही लेखकाची प्रतिभा आहे. १७६४ पासून हैदरअलीविरुद्ध याच कर्नाटकात झालेल्या मोहिमा, राघोबादादांशी झालेला कलह, कर्जाचा भार यांसाठी गो. स. सरदेसाई यांची 'मराठी रियासत' उघडावी. तसेच विश्वास पाटील यांच्या 'पानिपत'शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचे 'पानिपत १७६१' ठेवावे. भाऊसाहेबांवरील दोषारोप साधनांच्या आधारे कसे तपासावेत, याचा तो वस्तुपाठ आहे.

आपल्या सीमाभागात या सवयीची निकड अधिक आहे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून इतिहास हा येथे व्यासपीठाचाही विषय झाला आहे. कादंबरीकाराने रचलेले वाक्य थोर पुरुषाच्या तोंडचे म्हणून सभेत टाळ्या घेते, हे आपण ऐकले आहे. असल्या पुराव्याने न्याय्य बाजूही दुबळी होते. प्रतिपक्षाने एकदा मूळ कागद मागितला की आपल्यापाशी उत्तर उरत नाही.

म्हणून आणखी दोन ग्रंथ आग्रहाने सुचवितो. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी हे कन्नडचे थोर संशोधक. त्यांनी 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हा ग्रंथ मराठीत लिहिला. दुसरा रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'. पंढरीच्या दैवताचा शोध घेता घेता ढेरे धनगर-गवळ्यांच्या लोकदेवांपर्यंत, कर्नाटक-आंध्रापर्यंत जातात. या ग्रंथांतील प्रत्येक निष्कर्ष मान्य करावा असे नाही. मात्र आपल्या हक्कासाठी ठामपणे उभे राहतानाही शेजाऱ्याशी असलेले जुने नाते नाकारण्याचे कारण नाही, हे ते वाचून उमगते.

राजेरजवाड्यांपलीकडचा इतिहास हवा असेल, तर निपाणीचे महादेव मोरे वाचावेत. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी ड्रायव्हर, मेस्त्री, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया यांच्या कथा लिहिल्या. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाची हकीकत त्यांच्या कथांशेजारी वाचली, की आंदोलनामागचे गाव दिसू लागते. येथे कादंबरी-कथाच इतिहासाला साक्ष देतात.

बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ ची. इतक्या जुन्या ग्रंथपरंपरेच्या गावातील वाचकाकडून एवढीच अपेक्षा : कपाटातून एक पुस्तक काढताना हात दुसऱ्याकडेही जावा. कादंबरीने माणसांविषयी जिव्हाळा द्यावा, इतिहासाने त्या जिव्हाळ्याला विवेक द्यावा. दोन्ही आपल्याला हवे आहेत.